गेटवरचा माठ परत ठेवा : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
पुणे शहर व उपनगरांतल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात उपनगरातल्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवरचा पाण्याचा माठ उचलला गेला. शेजारचं बाकडंही गेलं. त्या जागी पाटी लागली : 'बाहेरील व्यक्तींनी येथे थांबू नये. पाणी मागू नये.' बैठकीच्या इतिवृत्तात कारण एका ओळीत आहे, 'गर्दी, अस्वच्छता व सुरक्षा'. सोसायटीचं नाव आम्ही घेत नाही, कारण असाच विषय आणखीही समित्यांच्या अजेंड्यावर आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

आम्ही चौकाचौकांत पाणपोया भरणारी माणसं आहोत. माठ घासणं, तोट्या बदलणं, शेवाळ खरवडणं हे आमचं काम. गेटवरचा माठ गेला तर लोक चौकातल्या पाणपोईवर येतील, असं कोणी म्हणेल. येत नाहीत. वॉचमनला बारा तासांच्या पाळीत गेट सोडता येत नाही. नऊच्या घरून निघालेल्या बाईंना साडेनऊला पुढच्या घरी भांड्याला लागायचं असतं. पार्सल घेऊन आलेल्या मुलाच्या मोबाईलवर पुढच्या ऑर्डरची वेळ पळत असते. ही माणसं तुमच्याच गेटवर तहानलेली असतात आणि तिथेच पाणी मिळालं तरच पितात.

कोण कोण असतं पाहा. पहाटे साडेपाचला दूधवाले, पेपरवाले. सातला कचरावेचक ताई. पुण्यात 2008 पासून 'स्वच्छ' या संस्थेच्या सभासद दारोदार फिरून कचरा घेतात, आणि ती संस्थाही तुमच्यासारखीच सहकारी आहे. आठ ते बारा घरकामाच्या मावश्या. मग गॅसवाला, प्लंबर, इस्त्रीवाला, पाण्याचे जार आणणारा. दुपारी कुरिअर, रात्री जेवणाची पार्सलं. मोठ्या संकुलात दिवसाला दोन-अडीचशे माणसं सहज होतात. त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. त्यांची आणि तुमची गाठ पडते ती फक्त गेटवर, दोन मिनिटं. आपल्याला इथे माणूस म्हणून धरतात की नाही, हे त्यांना त्या दोन मिनिटांतच कळतं. महिला दिनाला मावश्यांना गुलाब आणि साडी देता, ते चांगलंच आहे. पण उरलेले 364 दिवस तो माठ बोलत असतो.

महाराष्ट्रात पाणी ही साधी गोष्ट कधीच नव्हती. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरातला हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. तो वाडा पुण्यातच आहे, तुमच्यापैकी अनेकांची मुलं शाळेच्या सहलीने तिथे जाऊन आली असतील. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी सगळ्यांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यापर्यंत चालत जावं लागलं, कारण ठराव दप्तरात होता आणि काठावर उभं राहून 'या, प्या' म्हणणारं कोणी नव्हतं. उलट, नंतर 108 घागरींनी तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं.

म्हणून गेटवर पाणी असतं की नाही याइतकंच ते कसं दिलं जातं यालाही महत्त्व आहे. वरून धार सोडायची आणि समोरच्याने खाली वाकून ओंजळ धरायची, ही रीत कुठून आली हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती गेलेली नाही. आजही काही गेटवर बाटली लांब धरून पाणी सोडलं जातं. काही घरांत मावश्यांचा कप वेगळा असतो, कान तुटलेला, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला. तोटीच्या माठापाशी हे सगळं थांबतं. ज्याला तहान लागली त्याने आपल्या हाताने तोटी फिरवायची आणि वॉचमन ज्या पेल्यातून पितो, सकाळी फिरून आलेले काका ज्यातून पितात, त्याच पेल्यातून प्यायचं.

अनुभवाने सांगतो, ज्या पाण्यासाठी विचारावं लागतं ते पाणी निम्मे लोक पीतच नाहीत. माठ वॉचमनच्या केबिनच्या आत असेल तर वॉचमन पितो, फार तर ओळखीचा ड्रायव्हर. पहिल्यांदा आलेला मुलगा ओठ कोरडे घेऊन परत जातो. माठ आडव्या दांड्याच्या बाहेर, रस्त्यावरून दिसेल असा असला की कुणाला 'जरा पाणी मिळेल का' म्हणावं लागत नाही. हे अंतर सात-आठ फुटांचंच असतं, पण त्याने बराच फरक पडतो.

आता तुमच्या हरकतींकडे येतो. त्या खोट्या नाहीत. नीट न सांभाळलेली पाणपोई खरोखर घाण होते, हे आमच्याइतकं कोण जाणणार! पण प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि ते दूर करता येतं.

पहिली हरकत डेंग्यूची. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. रोज सकाळी माठ पूर्ण रिकामा करून भरला की हे चक्र पुरं होऊच शकत नाही. मात्र एक चूक सगळेच करतात : उरलेल्या पाण्यात नवं पाणी ओततात. दुसरी चूक म्हणजे नुसतं पाणी ओतून देणं. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या थोडी वर, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून दोनदा आतली भिंत, खास करून गळ्याखालचा भाग, नारळाच्या काथ्याने घासायचा आणि एक दिवस माठ उन्हात पालथा घालायचा. दोन माठ आलटून पालटून वापरले की पाणी बंद ठेवावं लागत नाही. तोंडावर घट्ट झाकण हवं. झाकणाखाली पातळ फडकं बांधतात, ते रोज धुतलं नाही तर त्यालाच वास येतो. त्यापेक्षा नुसतं झाकण बरं.

दुसरी हरकत चिखल आणि शेवाळाची. यात दोष तोटीचा असतो. माठाच्या भोकात तोटी बसवताना आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंना रबरी वायसर लागतो. बरेच जण एकच घालतात आणि मग आठव्या दिवशी थेंब थेंब सुरू होतं. चाकी हातानेच आवळायची. पकड लावली की माठाला केसासारखी चीर जाते आणि ती दिसेपर्यंत माठ हातचा गेलेला असतो. तरीही पिताना सांडणारच, तेव्हा तोटीखाली बादली ठेवा किंवा एक पाइप काढून कुंड्यांच्या रांगेत सोडा. तिवई लोखंडी आणि तीन पायांची घ्या, उंचसखल फरशीवरही ती डुगडुगत नाही. तोटी जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवा, म्हणजे एक लिटरची बाटली खाली उभी राहते आणि पोरालाही पाणी घेता येतं.

तिसरी, पाणी गार होत नाही, म्हणून माठ फुकट. इथे बहुतेक वेळा समितीने हौसेने माठ ऑइलपेंटने रंगवून घेतलेला असतो. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. रंगाने छिद्रं बुजली की माठाचा नुसता डबा होतो. बोअरच्या जड पाण्यानेही असंच होतं. पांढरे क्षार छिद्रांत साठतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात माठ थंड करेनासा होतो, म्हणून दर वर्षी नवा घ्या. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिले दोन दिवसांचं पाणी झाडांना घाला, मातीचा वास निघून जातो. साबण कधीही लावू नका, तो मातीत मुरतो आणि आठवडाभर पाण्याला चव येते. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. सकाळी अकराची सावली पाहून जागा ठरवू नका, दुपारी दोनला जाऊन पाहा. पश्चिमेची भिंत तेव्हा तापलेली असते.

चौथी, पाण्याची टंचाई. इथे हिशेबच मांडू. 200 मिलिलिटरचा पेला धरला आणि दिवसाला 300 पेले प्यायले गेले तर 60 लिटर झाले. माठ विसळायला 15. म्हणजे एकूण 75 लिटर. शहरातल्या एका माणसाच्या रोजच्या वापरासाठी 135 लिटर धरतात, म्हणजे अख्खं गेट एका माणसाच्या वाट्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त पाण्यावर भागतं. दहा हजार लिटरचा एक टँकर या हिशेबाने चार महिन्यांहून जास्त पुरतो. गुढीपाडव्यापासून पाऊस लागेपर्यंतचा सगळा उन्हाळा एका टँकरात. एक सूचना मात्र कळकळीची : काही ठिकाणी आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी माठात भरतात. त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. ते फरशी धुवायला वापरा, माणसांना देऊ नका. जे पाणी तुमच्या स्वयंपाकघरात येतं तेच गेटवर यायला हवं.

गर्दी आणि सुरक्षेबद्दल थोडक्यात. पाणी प्यायला माणसाला एक मिनिट लागतं. गेटवर गर्दी होते ती नोंदीच्या रजिस्टरमुळे आणि फोन न उचलणाऱ्या सभासदांमुळे. आणि जिथे वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने ओळखतो, तिथे अनोळखी माणूस लगेच लक्षात येतो. माठापाशी दोन शब्द बोलणं होतं, त्यातूनच ही ओळख होते.

आता आमच्या तक्रारी, कारण गोष्ट माठावर थांबत नाही.

पाणी दिलं तर स्वच्छतागृह द्यावं लागेल, हे आम्हाला कळतं. बहुतेक सोसायट्यांत पार्किंगमध्ये, पंपरूमशेजारी ते बांधलेलं असतंच. पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली सुपरवायझरकडे. पुरुष सुपरवायझरकडे दिवसातून दोनदा किल्ली मागायची कोणत्याही बाईला नको वाटते. मग ती सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत पाणीच पीत नाही. लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, उन्हात चक्कर, हे त्यातून येतं. ज्या घरांत ती तीन-तीन स्वच्छतागृहं घासते, त्या घरांतही तिला 'खाली जा' सांगितलं जातं. खालच्या स्वच्छतागृहाला फार काही लागत नाही. आतून लागणारी कडी, चालू दिवा, नळाला पाणी (वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद असतो, तो तपासा), बादली, मग, झाकणाचा कचऱ्याचा डबा, आणि पिशवी अडकवायला भिंतीत एक खुंटी. ही खुंटी नसते म्हणून ओल्या जमिनीवर पिशवी ठेवायची नाही या एका कारणाने आत न जाणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. किल्ली खिळ्यावर, हाताला येईल अशी टांगा. दिवसातून दोनदा सफाई.

लिफ्टची पाटी. 'घरकाम करणाऱ्या व डिलिव्हरी करणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी.' सामानासाठी वेगळी लिफ्ट असायला आमची हरकत नाही. गॅसचा भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा असतो, तो त्या लिफ्टने जाऊ दे. पण रिकाम्या हातांनी चढणाऱ्या माणसाला सामान का धरायचं? आणि सर्व्हिस लिफ्ट बंद पडली की अकराव्या मजल्यापर्यंत दोनशेच्या आसपास पायऱ्या होतात, दिवसातून तीन-चार घरं. लिफ्टमधल्या पत्र्यावर आठ माणसं, 544 किलो एवढंच लिहिलेलं असतं. तेवढाच नियम पुरेसा आहे.

चिठ्ठीची पद्धत हीसुद्धा अशीच. सभासदाने मावश्यांना डब्यात भाजी दिली, मुलाचं जुनं दप्तर दिलं, तर गेटवर पिशवी उघडून दाखवायची आणि लेखी चिठ्ठी द्यायची. चोरी होऊ नये हा हेतू आम्ही समजू शकतो. पण चार लोकांसमोर पिशवी उपसली जाणार म्हटल्यावर ती बाई पुढच्या वेळी 'नको ताई' म्हणते, आणि ताईही मग देणं सोडून देतात. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याची मान, दोन्ही या चिठ्ठीने खाली जातात. सभासदाने गेटच्या अॅपवर एक ओळ टाकली की काम होतं, पिशवीला हात लावायची गरज नाही.

बाकड्याबद्दल एवढंच, की बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला बसायला जागा लागते. यावर बैठकीत चर्चा व्हावी असं काही नाही.

तुमच्या सोसायट्यांमध्ये चांगुलपणा नाही असं आम्ही म्हणत नाही, आम्ही तो रोज बघतो. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा याच गेटांवर पाणी, चहा, केळी मांडलेली असतात आणि वारकऱ्यांना कोणी जात, गाव विचारत नाही. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान द्यायची आपली जुनी रीत आहे. कुठे एखाद्या आजी स्वतः रोज माठ भरतात, कुठे कोणी दुपारच्या पाळीच्या वॉचमनला ताक पाठवतं. अडचण अशी, की हे सगळं एकेका माणसाच्या मनावर चालतं. आजी मुलाकडे राहायला गेल्या की चौथ्या दिवशी माठात शेवाळ धरतं, दहाव्या दिवशी तक्रार येते आणि महिन्याच्या बैठकीत माठ काढायचा ठराव होतो. माठाला जबाबदार माणूस नेमलेला नसतो, म्हणून तो घाण होतो. तो माणूस नेमणं हेच समितीचं काम. विंगवार पाळी लावा, एका विंगकडे एक आठवडा. सकाळी साडेसहाला रिकामा करून, विसळून भरायचा, दुपारी एकला पुन्हा बघायचं. दोन्ही वेळा मिळून पंधरा मिनिटं. हे काम वॉचमनच्या गळ्यात मारू नका. ज्या विंगच्या सभासदांनी आणि त्यांच्या मुलांनी स्वतः माठ भरला तिथे तो टिकला, जिथे सुपरवायझरवर सोडला तिथे दोन महिन्यांत कोरडा पडला, हे आम्ही वारंवार पाहिलं आहे.

खर्चही सांगतो. दोन माठ, दोन तोट्या, चार जादा वायसर, तिवई, झाकणं, सहा स्टीलचे पेले, विसळायची छोटी बादली. सगळं मिळून दोन-अडीच हजारांत बसतं. पेल्यांना साखळी बांधू नका. साखळीने पेला नीट धुतला जात नाही, आणि तुमचा विश्वास नाही हे प्रत्येक पिणाऱ्याला कळतं. वर्षाला दोन पेले हरवतील, हरवू द्या.

आमच्या मागण्या सरळ आहेत. पाणी मागू नये अशी पाटी उतरवा. माठ आणि बाकडं परत ठेवा, तेही गेटच्या बाहेरच्या बाजूला. स्वच्छतागृहाचं कुलूप दिवसा काढा. लिफ्टमधली माणसांची वर्गवारी बंद करा. पिशव्या उघडणं थांबवा. आणि हे पाणी पावसाळा-हिवाळ्यातही चालू ठेवा, पाळी तेव्हाही बारा तासांचीच असते.

वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट पाहू नका. ती 30 सप्टेंबरपर्यंत कधीतरी होईल, तोवर उन्हाळा सरलेला असेल. समितीच्या येत्या मासिक बैठकीत हा विषय घेता येतो. पहिले आठ दिवस माठ कसा सांभाळायचा हे दाखवायला आम्ही येऊ, तोट्या आणि वायसर घेऊनच येऊ. लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून ठरावाचा मसुदा खाली देत आहोत. रिकाम्या जागा तुम्ही भरा.

आपले,
उपनगरांतल्या पाणपोया भरणारे काही पुणेकर

ठराव क्र. ____ : संस्थेच्या प्रवेशद्वाराबाहेर, सावलीच्या जागी, वर्षभर पिण्याच्या पाण्याचे तोटीचे दोन माठ व बसण्यासाठी एक बाकडे ठेवण्यात यावे. माठ रोज रिकामा करून भरण्याची व आठवड्यातून दोनदा घासण्याची जबाबदारी विंगवार पाळीने सभासदांची राहील. पाळीचा तक्ता सूचना फलकावर लावावा. पार्किंगमधील स्वच्छतागृह सकाळी 6 ते रात्री 10 विनाकुलूप ठेवावे. या कामी रु. ____ इतक्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे.
सूचक : ____________
अनुमोदक : ____________